जुने लाकूड आणि जुनी वस्तू

घरात वडिलोपार्जित सामान असणे ही पूर्वी सामान्य गोष्ट होती. ते विकत आणणे ही अलीकडची रीत आहे. ज्यांच्या घरी आजोबांचे मेज आहे ते त्यास माळ्यावर टाकतात, आणि ज्यांच्या घरी नाही ते दुसऱ्याच्या आजोबांचे मेज लिलावात भरपूर मोल देऊन आणतात. या व्यवहारात मीही एकदा पडलो आणि फसलो. आपण फसल्याची हकीकत सांगावयास मनुष्य सहसा धजत नाही; शाळामास्तर तर मुळीच नाही, कारण दुसऱ्यांच्या चुका दाखविण्यातच त्याचे आयुष्य गेलेले असते. परंतु गेलेला पैसा माझ्या एकट्याचा नव्हता, घरच्या सामाईक शिलकेतला होता. आणि आमच्याप्रमाणे एकत्र नांदणाऱ्या इतर घरांतूनही अशी खरेदी होत असल्याचे कानी येते. तेव्हा माझ्या अनुभवाचा वाचकांस काही उपयोग व्हावा, या हेतूने पुढील चार गोष्टी लिहीत आहे.

आमचे घर चंद्रपुरास, जटपुरा दरवाज्याच्या आत, गोंडकालीन परकोटाच्या आश्रयाने वसलेले. थोरले बंधू निवर्तल्यापासून घरचा जमाखर्च थोरल्या वहिनी पाहतात. दोन वर्षांपूर्वी सोप्याची डागडुजी झाली, तेव्हा पुतण्याने सुचविले की, "काका, बैठकीत एखादे जुने सागवानी मेज असले तर शोभा येईल." योगायोगाने एका मोठ्या शहरात जुन्या फर्निचरचा लिलाव होणार होता. तेथे एक मेज मांडलेले होते. काळसर तकाकी, पितळी कड्यांचे तीन खण, पायांना खरादलेली गोलाई. विक्रेत्याच्या माणसाने मंद स्वरात सांगितले, "हे सिरोंच्याच्या साहेबाच्या बंगल्यातले; १८६० च्या सुमाराचे." बोली पंधरा हजारांवर सुरू झाली. माझ्या शेजारच्या गृहस्थाने वाढविली की मी वाढवावी, मी वाढविली की त्याने वाढवावी, असे होता होता बेचाळीस हजारांवर हातोडा पडला आणि मेज माझे झाले.

मी इतका सहज का भुललो, याचे कारण असे की, ती कथा अगदी घडण्याजोगी होती. सिरोंच्याचा मुलूख १८६० साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचे ते ठाणे होते आणि १८७४ साली तो जिल्हा मोडल्यावर सिरोंचा चांद्याला जोडले गेले. म्हणजे त्या काळी तेथे साहेब होता आणि साहेबास मेज लागत होते, हे खरे. शेजारच्या अहेरी जमीनदारीतील सागाची ख्याती तर सर्वश्रुत. व्यापारी अजूनही ज्यास 'सी. पी. साग' म्हणतात, त्या मध्यप्रांती सागात या वनातल्या सागाचा मान मोठा. १९२९ साली बल्लारशा-काझीपेठ लोहमार्ग पुरा होऊन उत्तर व दक्षिण जोडल्या गेल्या, तेव्हा त्यास बाजारही मोठा मिळाला. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि हे वन बहुतांशी त्यात गेले. अल्लापल्लीजवळचा 'वनवैभव' म्हणून राखलेला सुमारे सहा हेक्टरांचा जुना सागाचा तुकडा पाहिला म्हणजे पूर्वीच्या वृक्षांच्या विस्ताराची कल्पना येते. २०१४ साली त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. अयोध्येच्या मंदिराच्या दारांकरिता २०२३ साली सागवान गेले तेही आमच्या बल्लारपुराहूनच. अशा मुलखात जन्म काढलेल्या माणसास 'सिरोंच्याचे मेज' हे शब्द कानी पडताच अभिमान वाटावा, यात नवल नाही. पण खोटी कथा नेहमी खऱ्या इतिहासाच्या खुंटीवरच टांगलेली असते, हे मी विसरलो.

मेज घरी आले. एक खण अडकत होता म्हणून आमच्या माहितीतील वृद्ध सुतारास बोलाविले. त्याने खण बाहेर काढले, मेज उलथे केले, विजेरी लावून आतून पाहिले, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, लाकूड लय जुनं हाय, पण टेबल माह्या नातवाच्या उमरीचं हाय."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. लाकडाचे वय निराळे आणि वस्तूचे वय निराळे. विदर्भातील जुने वाडे गेली कित्येक वर्षे पडत आहेत. त्यांच्या तुळया, खांब व कडीपाट यांचे सागवान उत्तम असते. तेवढ्या जाडीचा गाभा आज नव्या झाडात सहसा मिळत नाही. ते चिरून त्याचे नवे सामान करणे हा प्रामाणिक धंदा आहे, आणि त्यामुळे एखादे उभे झाड वाचत असेल तर तो पुण्याचाही आहे. लबाडी सुरू होते ती अशा वस्तूस साहेबाचा बंगला चिकटविला म्हणजे.

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांपैकी शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. म्हणजे ज्यास वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि ती यथार्थ सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे, त्याचा. विक्रेत्याचा माणूस यांपैकी कोणत्या अटीत बसत होता? तरीही मी पहिली तीन साधने बाजूस ठेवून केवळ चौथ्यावर बेचाळीस हजार रुपये मोजले. मुलांना जे वीस-पंचवीस वर्षे पढविले, ते स्वतः एका दुपारी विसरलो.

आता त्या सुताराने जे दाखविले, आणि पुढे मी स्वतः पाहून-वाचून जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

प्रथम प्रत्यक्ष. मेजाचा वरचा पृष्ठभाग हा त्याचा चेहरा. तेथे पॉलिश बोलते. खरे बोलतात ते तळ, पाठ व खणांची आतली बाजू. जुन्या काळी दोघे आराकस ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवीत आणि एक वरून, एक खालून आरा ओढीत. त्याचे ओरखडे सरळ, पण कमीजास्त अंतराचे व किंचित तिरके पडतात. गोल यंत्रकरवतीचे ओरखडे वर्तुळखंडासारखे वाकडे असतात, आणि पट्टीकरवतीचे सरळ पण यंत्राच्या नियमाने अगदी समान. हाताच्या रंध्याने साफ केलेल्या फळीवर बोट आडवे फिरविले तर अस्पष्ट लाटा लागतात. माझ्या मेजाच्या तळाशी वाकडे वर्तुळखंड स्पष्ट दिसत होते. १८६० साली सिरोंच्याच्या सुताराकडे यंत्राची गोल करवत असणे किती संभवनीय, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरे चिन्ह झिजेचे. वस्तू वापरली जाते तेथेच झिजते: खण ज्या पट्ट्यांवर सरकतो तेथे, कडी धरताना बोटे लागतात तेथे, पाय टेकविण्याच्या आडव्या दांडीवर. आपल्याकडे जमिनी सारविल्या जात, मागाहून धुतल्या-पुसल्या जाऊ लागल्या; त्यामुळे खऱ्या जुन्या मेजाचे पाय तळाशी पाण्याने काळवंडलेले व भुसभुशीत झालेले असतात. माझ्या मेजाच्या कडा चोहोबाजूंनी सारख्या घासलेल्या होत्या आणि पायांचे तळवे मात्र नव्या नवरीसारखे स्वच्छ होते.

आता अनुमान. येथे हेत्वाभासांपासून फार जपावे लागते. धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते, कारण अग्नीवाचून धूर असत नाही. पण 'काळे आहे, म्हणून जुने आहे' हे अनुमान टिकत नाही. काळेपणा वयाने येतो तसा डब्यातील रंगानेही येतो. जो हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडतो, तो व्यभिचारी. सागाचा गाभा उजेड व हवा लागून गडद होतो. म्हणून खऱ्या जुन्या कपाटाचा दर्शनी भाग गडद आणि आतला, झाकलेला भाग फिका असतो. आतबाहेर सारखाच काळा रंग दिसला, तर तो काळाने नव्हे, कुंचल्याने दिलेला आहे असे समजावे.

किडीच्या भोकांचेही तेच. सागाच्या गाभ्यात वाळवीस न रुचणारी द्रव्ये असतात. कीड लागते ती बहुधा बाहेरच्या पांढरट लाकडास. तेव्हा ऐन गाभ्यात सुबक, एकाच मापाची भोके दिसली तर ती सामत्याने पाडलेली असण्याचा संभव अधिक. बारीक तार घालून पाहावी; किड्याचे बीळ वाकडेतिकडे जाते, सामत्याचे सरळ. आणखी एक खूण सुताराने दाखविली ती मला फार आवडली. कीड लाकडात शिरते ती भोक पाडून. तिचे बीळ आत असते, पृष्ठावर लांबलचक नाली दिसत नाही. अशी उघडी नाली दिसली, तर कीड लागल्यानंतर ते लाकूड चिरले गेले, म्हणजे ते पूर्वी दुसऱ्याच कशाचा भाग होते, हे सिद्ध झाले. माझ्या मेजाच्या मागच्या पायावर अशी नाली होती, आणि आतल्या अंगास एक चौकोनी खाच लाकडाचा तुकडा बसवून बुजविलेली होती. तो पाय एके काळी कोणाच्या तरी वाड्याचा खांब होता.

स्क्रू व खिळे हे तर कालदर्शकच. टोकदार अणीचे यंत्रनिर्मित स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आले. त्यापूर्वीचे बोथट टोकाचे, आणि त्यांच्या माथ्यावरची खाच पुष्कळदा मध्याला सोडून असे. फुलीच्या खाचेचे स्क्रू तर अमेरिकेत १९३० ते १९४० या दशकात रूढ झाले. माझ्या मेजाच्या पितळी कड्यांमागे फुलीचे स्क्रू निघाले. अर्थात नव्या स्क्रूवरून सगळी वस्तू नवी असे लगेच म्हणू नये, कारण दुरुस्ती होतच असते. पण दुरुस्ती असेल तर जवळपास जुन्या स्क्रूचे रिकामे भोक किंवा जुन्या कडीचा डाग हवा. माझ्या मेजावर तो नव्हता.

सांध्यांतील चिकटही बोलते. जुने सुतार जनावराच्या कातड्याहाडांचा सरस कढवून लावीत. तो पिवळसर, ठिसूळ असतो आणि ऊन पाण्याने मऊ होतो. पांढरा कृत्रिम गोंद आपल्याकडे घरोघर झाला तो १९५९ साली फेविकॉल निघाल्यानंतर. पॉलिशाचेही तसेच: पळस-कुसुंबावरील लाखेपासून केलेले जुने पॉलिश स्पिरिटने विरघळते, आजची रासायनिक वार्निशे सहसा विरघळत नाहीत. मालकाची परवानगी घेऊन झाकल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवून पाहावा. अतिनील किरणांच्या लहान विजेरीखाली लाखेचे पॉलिश नारिंगी झळकते, हेही पाहण्यासारखे आहे. मात्र नवे पॉलिश असले म्हणून वस्तू नवी ठरत नाही, आणि लाखेचे असले म्हणून जुनी ठरत नाही. एका खुणेवर निकाल देऊ नये, चार खुणांची साक्ष जुळवावी.

गोल मेज असेल तर टेपाने दोन व्यास मोजावेत. लाकूड शिरांच्या आडवे आटते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून शंभर वर्षांचे गोल मेज किंचित लंबगोल झालेले आढळते. सागाची वार्षिक वलये स्पष्ट असतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी मध्य भारतातील सागाच्या वलयांवरून गतकाळच्या पर्जन्याचाही अभ्यास केला आहे. पण वलये सांगतील ते झाडाचे वय. मेज केव्हा घडले हे ती सांगू शकत नाहीत.

उपमान म्हणजे सादृश्यावरून ज्ञान. ज्याने गाय नीट पाहिली आहे, त्यासच 'गाईसारखा तो गवय' या वाक्याचा उपयोग. तेव्हा खरेदीपूर्वी खात्रीच्या जुन्या वस्तू डोळे भरून पाहाव्यात. नात्यागोत्यातील वाडे, जुन्या शाळा व कचेऱ्या, देवळांचे सभामंडप पाहावेत. पुण्यास गेल्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयातील कोरीव दरवाजे व गृहोपयोगी वस्तू पाहाव्यात. बल्लारशाच्या लाकूड आगारात व्यापारी कसे वागतात, तेही शिकण्याजोगे आहे. तेथे ओंडक्यांचे लॉट लावलेले असतात. व्यापारी लिलावाआधी लॉटभोवती हिंडतो, टोके पाहतो, पोकळी, भेगा व गाठी शोधतो, लांबी व घेर मनात गुणून ठेवतो, आणि मगच बोलीस उभा राहतो. अलीकडे बोली संगणकावरून होऊ लागल्या, तरी माल डोळ्यांनी पाहण्याची चाल शहाणा व्यापारी सोडीत नाही. ओंडक्यास कोणी कथा जोडीत नाही, म्हणून तेथे दृष्टी शाबूत राहते.

राहिला शब्द. सुतार गेल्यावर मी पावती काढून वाचली. तीत लिहिले होते: 'जुन्या धर्तीचे सागवानी मेज, नग एक, जसे आहे, जेथे आहे.' जुन्या धर्तीचे! जुने नव्हे. विक्रेत्याने कागदावर एक अक्षरही खोटे लिहिले नव्हते. १८६० साल व साहेब हे दोघे केवळ तोंडी होते. विद्यार्थ्यांस समासाचा विग्रह न आल्यास मी बाकावर उभे करीत असे. येथे दोन सरळ मराठी शब्दांचा अर्थ मी न लावता सही केली. तक्रारीस जागाच नव्हती.

रात्री जेवणे आटोपल्यावर सर्वांसमक्ष झाला प्रकार सांगितला. मेजाची खरी किंमत सुताराच्या मते पंधरा-सोळा हजार. म्हणजे घरच्या शिलकेतील सव्वीस हजार मी एका कथेवर उधळले होते. त्याच पैशातून मागच्या पडवीचे छप्पर व्हावयाचे होते, ते त्या पावसाळ्यात राहिले. पुतण्या खाली मान घालून बसला. थोरल्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मेज काही खोटे बोलले नाही. ते तर मुकेच होते." पडवी गळे तेव्हा मला त्या शब्दांची आठवण होई.

पुढल्या वर्षी एका सरकारी कचेरीतील निर्लेखित सामानाचा लिलाव झाला. अशा सामानास डेडस्टॉक म्हणतात, आणि मुख्याध्यापक असताना त्याची नोंदवही मी स्वतः ठेवलेली असल्याने तिची किंमत मला ठाऊक होती. कोपऱ्यात एक धुळकट, एक पाय तुटलेले कपाट उभे होते. पाठीवर पांढऱ्या रंगात अनुक्रमांक व सन १९३४. पाठीच्या फळ्या फिक्या, रंध्याच्या लाटा बोटास लागत होत्या, बिजागऱ्यांचे स्क्रू सरळ खाचेचे, आणि दार उघडताच सागाचा तो कातड्यासारखा वास. कारकुनास विनंती करून जुनी नोंदवही पाहिली. तोच क्रमांक, तेच वर्णन. या वेळी जाण्यापूर्वी एका चिठ्ठीवर 'पाच हजार' लिहून ती वहिनींपाशी ठेवली होती. कपाट एकतीसशे रुपयांस मिळाले. त्यास कोणी कथा सांगितली नव्हती, म्हणून कोणी विचारलेही नव्हते.

लिलावास जाणाऱ्यांनी एवढे करावे: माल पाहण्याच्या दिवशी विजेरी, टेप, भिंग व लहान लोहचुंबक घेऊन जावे, पितळ म्हणून दाखविलेल्या कडीस चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. शक्य तर सुतारास बरोबर न्यावे. त्याची मजुरी ही सर्वांत स्वस्त विमा आहे. बोलीवर दलाली, कर व गाडीभाडे चढते, ते धरून मर्यादा ठरवावी. विक्रेता जे वय तोंडाने सांगतो ते पावतीवर लिहून मागावे. तो कचरला तर उत्तर मिळाले. वस्तू खरोखरच शंभर वर्षांची असेल तर १९७२ चा पुरावस्तु कायदा लागू होतो. अशा वस्तूंच्या विक्रेत्यास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशी नेता येत नाही. परदेशातील मुलास आजोबांचे मेज पाठवू इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हस्तिदंत जडविलेल्या वस्तूच्या वाटेस तर जाऊच नये. त्याच्या व्यापारास बंदी आहे.

त्या मेजाचे काय केले, असे कोणी विचारील. ते बैठकीतून हलविले. घरातील मुले त्यावर अभ्यास करतात, आणि लाकूड खरोखर उत्तम असल्याने ते आणखी दोन पिढ्या टिकेल. मधल्या खणाच्या आत मी एक कागद चिकटविला आहे. त्यावर खरेदीची तारीख व किंमत लिहून खाली नोंदविले आहे की, लाकूड एखाद्या जुन्या वाड्याचे असावे, मेज अलीकडचे आहे, सिरोंच्याशी संबंध सिद्ध नाही. माझ्या पश्चात कोणी ते विकावयास काढले, तर निदान आमच्या घरातून ती कथा पुढे जाऊ नये.

मग तेच काम घरच्या इतर वस्तूंचेही केले. माळ्यावरचे आजोबांचे उतरते डेस्क, वहिनींच्या सासूबाईंच्या माहेराहून आलेला पाळणा, देवघरातील चौरंग, या प्रत्येकाच्या तळाशी ती कोणी, केव्हा, कोठून आणली, हे वहिनींनी आठवून सांगितले तसे लिहून ठेवले. जे आठवले नाही तेथे 'माहीत नाही' असे लिहिले. त्यांचे वय आता सत्त्याहत्तर आहे. वाचकांच्या घरीही असे आठवणारे कोणी असेल, तर लिलावाची जाहिरात वाचण्याआधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे.